बाबासाहेबांच्या भंडारा निवडणुकीचा छापील ठेवा

भंडारा – डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्यातील शेवटची निवडणूक भंडारा मतदारसंघातून लढविली. १९५४ च्या उन्हाळ्यातील या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. चरित्रग्रंथांत या प्रसंगाला काही पानेच मिळाली, जिल्ह्याच्या स्मृतीत मात्र त्याला मानाचे स्थान आहे. त्या निवडणुकीचा मूळ छापील पुरावा आज कुठे सापडतो, हा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार येतो. बाबासाहेबांचे ग्रंथ, भाषणे आणि अग्रलेख शासनाच्या खंडांमुळे सुरक्षित झाले. प्रचारपत्रके, सभांच्या जाहिराती, साप्ताहिकांचे सुटे अंक आणि जलशांच्या गाण्यांच्या चोपड्या यांना मात्र तसे संरक्षण मिळाले नाही. या साहित्याचा माग कसा काढावा, कोणते संग्रह उपयोगी पडतात आणि घरात जुना कागद सापडल्यास काय करावे, याचा हा आढावा.

पोटनिवडणूक का झाली?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान देण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

न्यायालयापुढे दोन मुद्दे होते. जसानी ज्या विडी व्यवसायात भागीदार होते, त्या व्यवसायाचा सैनिकांसाठी विड्या पुरविण्याचा सरकारशी करार होता. असा करार असणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते काय, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांच्या उमेदवारी अर्जाचा होता. महार समाजातील ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता, त्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे कारण देऊन त्यांचा अर्ज नाकारण्यात आला होता. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने जसानी यांना अपात्र ठरविले आणि ठवरे यांचा अर्ज नाकारणे चुकीचे होते, असा निर्वाळा दिला. पंथ बदलला तरी त्यांचा आपल्या जातीशी संबंध तुटलेला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. न्या. व्हिव्हियन बोस यांनी हा निकाल लिहिला. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात होते.

या निकालाने संपूर्ण निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घेणे भाग पडले. विधी अहवालांत छापलेला हा निकाल भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीचा पहिला दस्तऐवज मानला पाहिजे. जिल्ह्यातील विडी उद्योग, तेथील जातिव्यवस्था आणि नवे संविधान यांची गाठ त्यात एकत्र पडलेली दिसते.

दोन मते, दोन पेट्या

बाबासाहेब १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ च्या आरंभी उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर ते राज्यसभेवर निवडून गेले. राज्यसभेचे सदस्य असतानाच त्यांनी भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार म्हणून अर्ज भरला. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांना उमेदवारी दिली होती.

त्या काळी मतदानाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर निवडणूक चिन्ह लावलेले असे आणि मतदार आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकीत असे. फेडरेशनचे चिन्ह हत्ती, तर काँग्रेसचे बैलजोडी होते. दोन सदस्यांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत, परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नव्हती. साहजिकच, दुसरे मत कोणाच्या पेटीत टाकायचे, हा भंडाऱ्याच्या निवडणुकीतील कळीचा प्रश्न ठरला.

निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर मेहता विजयी झाले होते. राखीव जागेवर बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. फेडरेशनच्या मतदारांनी आपले दुसरे मत मेहता यांना दिले, मेहता यांच्या सवर्ण मतदारांनी मात्र ते बाबासाहेबांना दिले नाही, असा अर्थ आंबेडकरी चळवळीत तेव्हापासून लावला जातो. दुसरे मत वाया घालवावे, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली होती आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही, ही आठवणही चळवळीत सांगितली जाते. बोरकर यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये याच जागेवर अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या.

हे सारे तपासण्याचा मार्ग कोणता? मतपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. उमेदवारनिहाय बेरीज शिल्लक राहते, पण कोणत्या मतदाराने दोन मते कशी विभागली, हे त्या बेरजेतून समजत नाही. प्रत्येक पक्षाने आपल्या मतदारांना नेमके काय सांगितले होते, हे त्या काळच्या पत्रकांवरून मात्र समजू शकते. दोन पेट्यांपैकी कोणत्या पेटीत मत टाकावे, हे समजावणारे एखादे पत्रक हाती आले, तर सत्तर वर्षांच्या चर्चेला ठोस आधार मिळेल. अशा कागदाचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

दप्तर तीन राज्यांत विखुरलेले

भंडाऱ्याविषयीचा जुना कागद शोधणाऱ्याने प्रथम राज्यांच्या सीमांचा इतिहास ध्यानात घ्यावा. १९५४ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यापूर्वी हा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा करण्यात आला.

याचा परिणाम शोधकामावर होतो. जुन्या प्रांताचे दप्तर नागपूर आणि भोपाळ येथे विभागले गेले. लोकसभेची निवडणूक केंद्रीय निवडणूक आयोगाने घेतली असल्याने तिच्याशी संबंधित मुद्रित अहवाल दिल्लीत शोधावे लागतात. चळवळीची साप्ताहिके मुंबईत छापली जात. गोंदिया आणि साकोली या तेव्हाच्या तहसिलींमधील घडामोडीही जुन्या कागदांत ‘भंडारा’ या नावाखालीच सापडतात. केवळ मुंबईच्या ग्रंथालयांवर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाच्या हाती अर्धेच चित्र लागते.

वृत्तपत्रांपुरते पाहिले तर नागपूरहून निघणारी ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’ ही दैनिके एप्रिल-मे १९५४ साठी प्रथम पाहावीत. चळवळीची बाजू समजून घेण्यासाठी ‘जनता’ साप्ताहिकाला पर्याय नाही.

मूकनायक ते प्रबुद्ध भारत

बाबासाहेबांच्या पत्रकारितेचा आरंभ ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ या पाक्षिकाने झाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. पांडुरंग नंदराम भटकर हे त्याचे पहिले संपादक. त्यांच्यानंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी काम पाहिले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे संपादन स्वतः बाबासाहेब करीत. २९ जून १९२८ रोजी ‘समता’, तर २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले. सर्वाधिक काळ टिकलेल्या ‘जनता’चे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले.

वर्गणीदार मोजके आणि जाहिराती जवळपास नाहीत, अशा स्थितीत ही पत्रे चालली. एक अंक अनेकांनी वाचावा, एकाने वाचून दाखवावा आणि वस्तीने ऐकावे, अशी त्यांची रीत होती. हाताळून जीर्ण झालेले अंक त्यामुळे फार काळ टिकले नाहीत. ‘मूकनायक’चे सर्व अंक आज उपलब्ध नाहीत आणि ‘जनता’च्या फायली निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरलेल्या आहेत.

विदर्भातील परंपरा याहून जुनी आहे. नागपूर परिसरातील किसन फागूजी बनसोडे यांनी ‘मूकनायक’पूर्वीच ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ आणि ‘मजूर पत्रिका’ ही पत्रे काढली होती. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोंदियाचे कालिचरण नंदागवळी यांनी मध्यप्रांताच्या कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रश्न मांडले. कायदेमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत हे या टप्प्याचे महत्त्वाचे साधन आहे. या कालखंडासाठी वसंत मून यांचे ‘मध्यप्रांत-वऱ्हाडातील डॉ. आंबेडकर पूर्व दलित चळवळ’ आणि ह. ल. कोसारे यांचे ‘विदर्भातील दलित चळवळीचा इतिहास’ ही दोन पुस्तके हाताशी असावीत.

संग्राहकांचे ऋण

आज जे साहित्य सहज वाचायला मिळते, ते प्रथम काही व्यक्तींनी पदरमोड करून जमविले. चांगदेव भवानराव खैरमोडे (१९०४-१९७१) यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच पत्रे, निवेदने, कात्रणे आणि आठवणी गोळा करण्यास प्रारंभ केला होता. त्यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक खंड त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आले. नागपूरचे मा. फ. गांजरे यांनी भाषणांचे संग्रह काढले. रत्नाकर गणवीर यांनी ‘बहिष्कृत भारत’मधील अग्रलेख १९७६ मध्ये ग्रंथरूपाने पुन्हा वाचकांपुढे आणले. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्येच, म्हणजे भंडाऱ्याच्या निवडणुकीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले.

संग्रह न झाल्यास काय घडते, याचे उदाहरणही बाबासाहेबांच्याच कागदपत्रांचे आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. पुढे या घरातील कागदपत्रे अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजून त्यांतील बरीच नष्ट झाली, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी नमूद केले आहे. ही घटना जानेवारी १९६७ मधील आहे. जे उरले, ते न्यायालयीन ताब्यातून वाट काढत काही वर्षांनी महाराष्ट्र शासनाच्या हाती आले.

शासनाचे खंड

महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. या कामाची धुरा वसंत मून यांच्याकडे आली. मून हे नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल सेवेत अधिकारी झालेले आणि तरुणपणापासून चळवळीचा कागद जमविणारे. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रकाशित झाला आणि पहिले सोळा खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. २००२ मध्ये मून यांचे निधन झाल्यावर हरी नरके यांनी हे काम पुढे नेले.

मराठी वाचकासाठी यातील अठरावा खंड सर्वांत उपयुक्त आहे. त्याचे तीन भाग असून ते १९२० ते १९३६, १९३७ ते १९४५ आणि १९४६ ते १९५६ या काळातील मराठी भाषणांना वाहिलेले आहेत. भंडाऱ्याच्या अभ्यासकाने तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. शासनाने १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंकही पुस्तकरूपात उपलब्ध करून दिले. इंग्रजी खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

छापील प्रतींची स्थिती मात्र समाधानकारक राहिली नाही. नऊ लाख प्रती छापण्याची योजना असताना सुमारे ३३ हजार प्रतीच छापल्या गेल्या आणि ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद पडून राहिला, असे वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली. मागणी असलेला ग्रंथही छपाईअभावी दुर्मीळ होऊ शकतो, हे या प्रकरणातून समोर आले.

खंडांत काय येत नाही?

भाषण छापून आले की ते खंडात येते. सभेचे निमंत्रण, वर्गणीची पावती, उमेदवाराचे चिन्ह असलेले पत्रक किंवा विरोधी पक्षाचे उत्तर हे त्यात येत नाही. ग्रंथालयांनीही असे सुटे कागद फारसे जपले नाहीत. १८६७ च्या मुद्रण कायद्यानुसार पुस्तकांच्या प्रती सरकारकडे पाठवाव्या लागत, परंतु हस्तपत्रकांची अशी नोंद होत नसे.

याच कायद्याची दुसरी तरतूद मात्र संशोधकाच्या कामी येते. छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. पत्रकाच्या तळाशी असलेली बारीक टाइपातील ती ओळ म्हणूनच आधी वाचावी. पत्रकावर तारीख नसली तरी छापखान्याचे नाव, चिन्ह आणि उमेदवारांची नावे यांवरून ते १९५२ चे, १९५४ चे की १९५७ चे, हे बहुधा ठरविता येते.

नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवन या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांतून तो संग्रह उभा राहिला. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथालयही या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. वस्तू आणि ग्रंथ यांच्यासाठी अशी ठिकाणे आहेत. गावोगावच्या सुट्या कागदासाठी मात्र घर हाच आजही पहिला संग्रह ठरतो.

घरात जुना अंक सापडल्यास

वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन हा घटक हवा व प्रकाशाने बदलतो, कागदात आम्ल वाढते, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. भंडारा हा तलावांचा आणि भरपूर पावसाचा जिल्हा आहे. दमट हवेत बुरशी व वाळवी लवकर लागते. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहरातील वस्त्यांत शिरले होते. तळमजल्यावरील पेटीत ठेवलेला कागद अशा वेळी एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. पुढील दक्षता कोणालाही घेता येईल.

• फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि पान लॅमिनेट करू नये. टेपचा डिंक कागदात मुरतो. लॅमिनेशन पुढे काढता येत नाही.

• घड्या हलक्या हाताने उघडून कागद सपाट ठेवावा. कडक झालेला कागद बळाने उघडू नये.

• आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि मग पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. लोखंडी टाचण्या व क्लिपा काढून टाकाव्यात.

• खोके जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर आणि उन्हापासून आडोशाला ठेवावे.

• दोन्ही बाजूंची छायाचित्रे पुरेशा, समान उजेडात घ्यावीत. तळाची मुद्रकाची ओळ त्यात आली पाहिजे.

• कागद कोणाचा, कुठून आला आणि त्यासंबंधी घरातील ज्येष्ठांना काय आठवते, हे वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. मूळ कागदावर काही लिहू नये.

• संस्थेला मूळ प्रत देताना लेखी पोच घ्यावी. मूळ देण्याची इच्छा नसेल तर प्रतिमा द्यावी.

प्रताधिकाराची अडचणही आता मोठी राहिलेली नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. अलीकडच्या संपादकांनी लिहिलेल्या प्रस्तावना व टिपा मात्र त्यात येत नाहीत.

पराभवाचाही इतिहास

विजयाचे स्मारक लवकर उभे राहते. पराभवाचे कागद कोणी मुद्दाम जपत नाही. भंडाऱ्याच्या बाबतीत तसेच घडले. ज्या संविधानाने प्रत्येकाला मताचा समान अधिकार दिला, त्याचा शिल्पकार त्याच अधिकाराच्या बळावर येथे मते मागायला आला आणि हरला. तसे का झाले, याचे उत्तर जातीच्या आकडेवारीत आहे, पक्षांच्या समझोत्यात आहे, की मतदाराला दोन पेट्यांविषयी जे सांगितले गेले त्यात आहे, हे पुराव्यावरून ठरायला हवे.

त्या उन्हाळ्यात सभांना गेलेल्यांपैकी आता फारच थोडे उरले आहेत. त्यांच्या घरातील पेट्या, माळे आणि जुन्या वह्यांची पाने अजून पाहता येतात. जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी एक नोंदवही उघडून अशा कागदांची यादी करण्यास प्रारंभ केला, तरी मोठे काम होईल. त्यासाठी लागणारा खर्च थोडा आहे. हाताशी असलेला वेळ मात्र दर पावसाळ्यागणिक कमी होत आहे.